रात्री वॉर्डात सिस्टर किती असतात हो?

मागच्या अंकात या पानावर मी सहज एक वाक्य लिहून गेले होते, की खानावळीत आज कुठली भाजी संपली ते पाटीवर लिहितात पण वॉर्डात आज सिस्टर किती आहेत ते कुठेच लिहिलेलं नसतं. त्यावर एवढे मेसेज आले की या वेळी दुसरा विषयच नको म्हटलं. डायबेटिसवाल्यांनी थोडी कळ काढा, तुमचं पुढच्या महिन्यात.

प्रश्न : ताई, फेब्रुवारीत आईला खुब्याच्या ऑपरेशनसाठी खासगी हॉस्पिटलात ठेवलं होतं. बिलात नर्सिंग चार्जेस रोजचे वेगळे लावलेत. रात्री मात्र अख्ख्या मजल्याला एकच सिस्टर, बेल वाजवली की वीस-पंचवीस मिनिटांनी यायची बिचारी, घामाघूम होऊन. रिसेप्शनला विचारलं नाइटला किती नर्स असतात, तर म्हणे ही आमची इंटर्नल माहिती आहे. असं म्हणता येतं का त्यांना? — एक वाचक, सातारा

उत्तर : म्हणता येतं की नाही ते नंतर, आधी हे सांगते की तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. पेशंटचे नातेवाईक डॉक्टर किती वेळा राउंडला येतात ते विचारतील, एसी आहे का विचारतील, कॅन्टीन कुठेय ते विचारतील, पण रात्री माझ्या माणसाकडे बघायला कितीजणी आहेत हा प्रश्न मी माझ्या तीस वर्षांच्या सिस्टरच्या नोकरीत बोटावर मोजण्याइतक्या वेळाच ऐकला असेल.

आता नियमाचं. महाराष्ट्रात खासगी दवाखान्यांना १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा लागू आहे आणि त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलले. तेव्हापासून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. म्हणजे बेडचं भाडं किती हे भिंतीवर दिसलंच पाहिजे. पण आज रात्रपाळीला या मजल्यावर पेशंट किती आणि नर्स किती असा रोजचा बोर्ड लावायची पद्धत आपल्याकडे नाही. त्यामुळे रिसेप्शनवाली मुलगी तोंड वर करून इंटर्नल म्हणू शकली. नर्सिंगचे पैसे मात्र तुमच्याकडून रोजच्या रोज, तिथे काही इंटर्नल नाही!

पण एक वाट आहे. हॉस्पिटलची नोंदणी करताना आणि नूतनीकरण करताना मालकाला नर्सिंग स्टाफची माहिती अर्जात भरून द्यावी लागते. शहरात ती महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते, बाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे. आणि माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २ (च) प्रमाणे, म्हणजे इंग्रजी प्रतीत २ (एफ), जी माहिती सरकारी ऑफिस दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली खासगी संस्थेकडून मागवू शकतं ती पण 'माहिती' धरली जाते. म्हणजे हॉस्पिटलला नका विचारू, नोंदणी करणाऱ्याला विचारा. अर्जात कागदावर पंधरा नर्स दाखवल्यात आणि तुमच्या डोळ्यांसमोर रात्री एक होती, एवढं जरी शेजारी शेजारी ठेवता आलं तरी बरंच काम होतं.

आणि पुढच्या वेळी ॲडमिशनच्याच टेबलवर, डिपॉझिट भरायच्या आधी विचारा. पैसे भरून झाल्यावर कोण उत्तर देतंय.

प्रश्न : मॅडम, मी सरकारी हॉस्पिटलात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स आहे. तुमचं वाक्य वाचून खरं सांगू का, राग आला. आधीच नातेवाईक अंगावर येतात, बोर्डावर लिहिलं 'पेशंट ५८, नर्स २' तर उद्या तेच बोट दाखवून आम्हालाच शिव्या घालतील. स्टाफ भरणं आमच्या हातात आहे का? — नाव छापू नका, विदर्भ

उत्तर : अगं, राग येऊ दे, मलाही आला असता. मी पण नाइटला एकटी पन्नासाच्या वर पेशंट सांभाळलेत, वर जमिनीवर गाद्या टाकलेले वेगळे, एका हातात बीपी मशीन, दुसऱ्या हातात सलाईनची बाटली आणि कोपऱ्यात कोणीतरी ओरडतंय सिस्टर रक्त येतंय. तेव्हा कोणी बोर्ड लावायचा म्हटलं असतं तर मी तोच बोर्ड त्याच्या डोक्यात घातला असता.

पण जरा उलट बाजूने बघ. आत्ता बोर्ड नाहीये, तरी शिव्या कोण खातंय? तूच ना. नातेवाइकाला फक्त एवढंच दिसतं की सिस्टर आली नाही. ती का आली नाही, ती त्या वेळी अजून सत्तावन्न जणांची पण सिस्टर होती, हे त्याला कुठून कळणार? आकडा लपलेला असतो तेव्हा कमी स्टाफचा सगळा दोष समोर दिसणाऱ्या माणसाच्या माथी येतो, आणि समोर कायम तू असतेस, पदं मंजूर करणारा नसतो. भंडाऱ्याचं आठवतंय ना, ९ जानेवारी २०२१, जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. गुन्हा दाखल झाला तो ड्यूटीवरच्या दोन नर्सेसवर. कोणाची चूक किती ते कोर्ट बघेल, मी त्यात पडत नाही. पण त्या रात्री त्या कक्षाला माणसं किती हवी होती आणि किती होती हे रोज भिंतीवर असतं तर चर्चा वेगळ्या ठिकाणाहून सुरू झाली असती असं मला वाटतं.

नांदेडचं तेच. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला शासकीय मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात २४ तासांत २४ मृत्यू, त्यात बारा तान्ही बाळं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मंजूर पदं किती, भरलेली किती हे सरकारला विचारलं. म्हणजे आकडा होताच कुठेतरी फायलीत. बाहेर यायला एवढी माणसं जावी लागली.

इंग्लंडमध्ये पण अशाच पद्धतीने झालं, आपल्यापेक्षा शहाणे वगैरे नव्हते ते. स्टॅफर्ड नावाच्या गावात एक सरकारी हॉस्पिटल, पैसे वाचवायचे म्हणून माणसं कमी केली, २००५ ते २००९ या काळात पेशंटचे इतके हाल झाले की तहानलेल्यांना पाणी मिळेना, घाण झालेल्या चादरी तशाच. ज्युली बेली म्हणून एक बाई, तिची आई तिथे गेली, तिने बाकीच्या नातेवाइकांना गोळा केलं आणि पिच्छा सोडला नाही. शेवटी मोठी चौकशी बसली, फेब्रुवारी २०१३ मध्ये चौकशीचे प्रमुख रॉबर्ट फ्रान्सिस यांचा रिपोर्ट आला, २९० शिफारशी. त्यानंतर २०१४ पासून तिथल्या हॉस्पिटलांना दर महिन्याला वॉर्डावर किती नर्सिंगचे तास ठरवले होते आणि प्रत्यक्षात किती भरले हे जाहीर करायला लावलं, शिवाय वॉर्डाच्या दाराशी पण आजच्या पाळीला ठरलेले किती, हजर किती असं लिहायचं. तिथे जाब विचारला जातो तो हॉस्पिटलच्या संचालक मंडळाला. नर्सला नाही. मला बोर्ड हवाय तो असा, एका पाटीवर तीन आकडे : पेशंट किती, नर्स किती हव्या होत्या, किती आहेत. मधला आकडा गाळला तर तुझं म्हणणं शंभर टक्के खरं, मग तो बोर्ड म्हणजे नर्सला चौकात उभं करणं.

आणि हो, बोर्डावर नाव कोणाचंच नको. आकडा फक्त.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणाला एडिसनला गेले होते, न्यू जर्सीत. तिथे हॉस्पिटलात भिंतीवर एक साधा कागद लावलेला, या पाळीला नर्स इतक्या, मदतनीस इतके, पेशंट इतके. जावईबापू म्हणाले इथे कायदाच आहे. आपल्याकडे १:३ चा, म्हणजे तीन पेशंटमागे एक नर्स असा नियम आहे म्हणे, आणि अमेरिकेत १:५. मग आपला नियम त्यांच्यापेक्षा चांगला नाही का झाला? — एक आजी, डोंबिवली

उत्तर : आधी नातवंडाबद्दल अभिनंदन. जावईबापू बरोबर आहेत, न्यू जर्सीचा तो कायदा २००५ चा, प्रत्येक विभागात प्रत्येक पाळीचा आकडा लोकांना दिसेल असा लावायचा आणि सरकारच्या आरोग्य खात्याला पण कळवायचा, खातं तो दर तिमाहीला लोकांसमोर ठेवतं. तिथे आकडा सांगायची सक्ती आहे. कॅलिफोर्निया आणखी पुढे गेलं, तिथे १९९९ साली कायदा झाला आणि १ जानेवारी २००४ पासून आकडा पाळायचीच सक्ती आहे, साध्या वॉर्डात आधी एका नर्सला सहा पेशंट, २००५ पासून पाच, आयसीयूत दोन. हे कायम, चोवीस तास, नर्स जेवायला गेली तरी तिच्या जागी दुसरी.

आता तुमचा १:३. आजी, इथेच सगळे फसतात, मोठमोठे पत्रकार पण. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांसाठीचा निकष आहे १:३, पण तो तीन खाटांमागे एक *पद* असा आहे, तीन पेशंटमागे एक नर्स उभी असा नाही. दिवसाच्या पाळ्या तीन. म्हणजे एका पाळीत तो १:९ होतो, निकषातच तसं लिहिलंय, वर ३० टक्के पदं रजांसाठी जादा धरायची. साध्या हॉस्पिटलला १:५, म्हणजे त्याच हिशेबाने पाळीला पंधरा खाटा. कॅलिफोर्नियाचा पाच म्हणजे आत्ता या मिनिटाला पाच. आपला तीन म्हणजे कागदावर तीन, पाळीला नऊ, आणि तोही सगळी पदं भरलेली असली तर!

कागद घ्या. साठ खाटांचा वॉर्ड. तीनाला एक म्हणजे २० पदं, रजांचे ३० टक्के धरून २६. समजा त्यातली आठ रिक्त, राहिल्या अठरा. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर, एकीला ऑफिसात रजिस्टरं लिहायला घेतलंय, एक लसीकरणाला. राहिल्या पंधरा. त्यातून वीकली ऑफ, नाइट ऑफ, आजारपण वजा करा. सकाळी जरा जास्त लागतात, ऑपरेशनं असतात, राउंड असतो, मग रात्रीला उरतात दोन. आणि खाटा साठ असल्या तरी पेशंट साठच असतात असं कोणी सांगितलं, जमिनीवरचे धरून सत्तर-पंचाहत्तर होतात. म्हणजे १:३ ने सुरू झालेला आकडा रात्री दोन वाजता १:३५ च्या पुढे गेलेला असतो आणि कुठल्याही कागदावर नियम मोडलेला दिसत नाही. हे उदाहरण माझं आहे, पण कुठल्याही इन्चार्ज सिस्टरला दाखवा, हसेल आणि म्हणेल एवढ्या असतात का रात्रीला.

आकड्याने फरक पडतो का, तर पडतो, भरपूर. लिंडा एकेन या संशोधक बाईंनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास केला होता, २००२ साली छापून आला, दोन लाखांवर ऑपरेशनचे पेशंट. नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तिथे ते चार पेशंट की आठ असा हिशेब करत होते. आपल्या पस्तीसला त्यांच्या तक्त्यात रकानाच नाही.

पण अमेरिका, इंग्लंडचं बघून लगेच हुरळून जाऊ नका. इंग्लंडमध्ये 'ठरवलेले तास' ठरवणार कोण, तर हॉस्पिटलच. तेच कमी ठरवले की ९८ टक्के भरले म्हणून पाठ थोपटून घेता येते. म्हणून २०१६ पासून तिथे वेगळं मोजायला लागले, दर पेशंटमागे दिवसाला नर्सिंगचे तास किती मिळाले ते. त्यातही सरासरीची मेख आहेच, सकाळची गर्दी आणि रात्रीचा शुकशुकाट एकात मिसळून छान दिसतं. मी स्वतः बघितलंय की इन्स्पेक्शनच्या दिवशी शेजारच्या दोन वॉर्डांतून सिस्टर्स उचलून आणून आमच्या वॉर्डात उभ्या केल्या होत्या, साहेब खूश, आणि शेजारच्या वॉर्डात त्या दोन तासांत एकटी स्टुडंट. त्या रजिस्टरवर सही माझीच आहे. म्हणून म्हणते, महिन्याची सरासरी नको, पाळीचा आकडा हवा, आणि खाटांवर नाही, पेशंटवर मोजलेला. मध्यरात्रीचा सेन्सस, म्हणजे रात्री बाराला वॉर्डात पेशंट किती याची नोंद, प्रत्येक वॉर्डात लिहिला जातोच, ड्यूटी लिस्ट असतेच. दोन्ही कागद रोज तयार होतात, खर्च शून्य आहे, फक्त शेजारी शेजारी ठेवायचे आहेत.

प्रश्न : आमच्या जिल्हा रुग्णालयाची माहिती मागवायची आहे. मागे एकदा आरटीआय टाकला होता तर 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर आलं. कसा लिहायचा अर्ज? — एक निवृत्त शिक्षक, बीड

उत्तर : गुरुजी, तुम्ही बहुतेक 'नर्सेस पुरेशा आहेत का' असं विचारलं असणार. मत विचारलं की ते हात वर करतात. कागद मागा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ऑनलाइन पोर्टल पण आहे. मी असा लिहीन :

'आपल्या रुग्णालयातील मेडिसिन वॉर्ड व नवजात शिशु कक्षाबाबत दि. १ ते ७ या कालावधीतील पुढील कागदांच्या प्रती द्याव्यात : परिचारिकांची पाळीनिहाय ड्यूटी लिस्ट (नावे झाकून), रोजचा मध्यरात्रीचा सेन्सस, तसेच परिचारिका संवर्गातील मंजूर, भरलेल्या, रिक्त व कंत्राटी पदांचा तक्ता.'

महिना तुम्ही घाला. आठवडाच मागा, वर्षाचं मागितलंत तर फार मोठं काम आहे म्हणून सुटतील. 'नावे झाकून' हे मुद्दाम लिहायचं, नाहीतर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारायला आयतं कारण मिळतं, आणि तसंही आपल्याला कोणा सिस्टरचं नाव नकोच आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, ते पुढच्या ३० दिवसांत करायचं. मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असेल तर तिथल्या माहिती अधिकाऱ्याकडे, सिव्हिल असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांच्या ऑफिसात, महापालिकेचं असेल तर पालिकेत, यात घोटाळा केला की अर्ज इकडून तिकडे फिरत बसतो.

खरं तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कर्मचाऱ्यांची यादी आणि पगार कोणी न मागताच जाहीर करायचे असतात. बऱ्याच वेबसाइटवर ती पीडीएफ सापडते पण, फक्त त्यातल्या निम्म्या सिस्टर्स एव्हाना रिटायर झालेल्या असतात. मी पण एका यादीत अजून नोकरीला आहे.

प्रश्न : मे २०२२ मध्ये नर्सेसनी संप केला तेव्हा आमचे हाल झाले. हे आकड्यांचं वगैरे ठीक आहे पण कंत्राटी का होईना माणसं मिळत असतील तर यांचा विरोध का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हाल झाले ते खरंच, त्यावर वाद नाही. विरोध माणसं येण्याला नव्हता, बाहेरच्या एजन्सीकडून भरती करण्याला होता. एजन्सीची मुलगी आज या वॉर्डात, उद्या दुसरीकडे, पगार कमी, परवा सोडून गेली की नवीन. तिला क्रॅश कार्ट, म्हणजे पेशंट अचानक गंभीर झाला की लागणाऱ्या औषध-सामानाची ट्रॉली, कुठेय ते माहीत होईपर्यंत ती गेलेली असते. म्हणून तर वरच्या अर्जात कंत्राटीचा रकाना वेगळा घातलाय. खासगीत तर पगाराची आणखी बोंब. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही निदान वीस हजार द्या आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी इतका. तुमच्या ओळखीत कोणी छोट्या दवाखान्यात सिस्टर असेल तर तिला विचारा तिच्या हातात किती पडतात, मग नाइटला माणसं का टिकत नाहीत हे मला लिहायला नको.

प्रश्न : युनिफॉर्म घातलेल्या सगळ्याच सिस्टर असतात का? ओळखायचं कसं? — एक गृहिणी, नाशिक

उत्तर : नाही हो. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग करून नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेली ती अधिपरिचारिका, आपली स्टाफ नर्स. एएनएमची, म्हणजे सहाय्यक परिचारिकेची पण नोंदणी असते पण कोर्स वेगळा, कामाची व्याप्ती वेगळी. स्टुडंट मुली शिकायला आलेल्या असतात, त्यांना मोजणीत धरणं म्हणजे शाळेतल्या पोरांना शिक्षक म्हणून मोजणं, आणि ते सर्रास चालतं. मावशी, मामा यांच्याशिवाय वॉर्ड चालत नाही पण इंजेक्शन त्यांचं काम नाही. कपड्यांच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. सरळ विचारायचं, 'ताई, तुम्ही स्टाफ की स्टुडंट?' रागवत नाहीत. स्टुडंट असेल तर बहुतेक वेळा लाजून म्हणते, स्टाफ जेवायला गेल्यात.